"जरा हळू बोल ना" : अडखळणाऱ्यांची आणि शब्द खाणाऱ्यांची स्पीच थेरपी नेमकं करते काय?

हल्ली कुठेही फोन लावा, बँक असो नाहीतर गॅस एजन्सी, आधी मशीन उचलतं आणि म्हणतं तुमची अडचण थोडक्यात सांगा. आता ज्याला पहिलं अक्षर बाहेर काढायलाच चार-पाच सेकंद लागतात त्याचं काय होणार, मशीनला वाटतं पलीकडे कोणी नाहीच, "आम्हाला आपला आवाज ऐकू आला नाही" म्हणून परत पहिल्यापासून सुरू आणि मग फोन कट. व्हिडिओ केवायसीला तेच, कॅमेऱ्यात बघा आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगा. पूर्वी निदान समोर माणूस असायचा, तो वैतागायचा पण थांबायचा तरी.

म्हणून हा विषय. स्पीच थेरपी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जिभेचे व्यायाम येतात, नाहीतर "तिथे हळू बोलायला शिकवतात" एवढंच माहीत असतं. आणि हळू बोल हा सल्ला तर आपण सगळेच फुकट देतो, आई देते, बाई देतात, शेजारचे काका देतात, मग त्यासाठी पैसे देऊन कुठे कशाला जायचं? तर मुद्दा असा आहे की हा सल्ला एका प्रकारच्या माणसाला जवळजवळ निरुपयोगी आहे आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला उपयोगी पण फक्त अर्धा मिनिट. थेरपी त्यापुढची गोष्ट आहे.

आधी हे दोन प्रकार

पहिला म्हणजे अडखळणं, तोतरेपणा. स्टॅमरिंग म्हणा की स्टटरिंग, दोन्ही एकच. यात तीन गोष्टी होतात. अक्षर परत परत येतं, "मा-मा-माझं". किंवा ताणलं जातं, "सऽऽऽकाळी". किंवा मग काहीच येत नाही, ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर ताठ, आवाज बंद. या तिसऱ्याला ब्लॉक म्हणतात आणि सगळ्यात वाईट हाच, कारण समोरच्याला कळतच नाही की हा माणूस आत्ता बोलतोय. लक्षात घ्या, त्याला काय बोलायचंय ते त्याला पक्कं माहीत असतं, शब्द आठवत नाहीये असं अजिबात नाही.

दुसरा प्रकार क्लटरिंग. हा माणूस अडकत नाही, उलट सुटतो. वेग मध्येच झटके दिल्यासारखा वाढतो, अक्षरं गिळली जातात, महानगरपालिकेची मानगपालका होते, एक वाक्य अर्धं सोडून दुसरं पकडतो आणि मध्ये "म्हणजे ते आपलं, नाही म्हणजे, हे" अशी भर. गंमत म्हणजे त्याला स्वतःला वाटतं आपण व्यवस्थित बोललो. घरचे चारदा "काय? परत सांग" म्हणाले की तोच चिडतो, तुमचं लक्ष नसतं म्हणतो.

लोकलच्या भाषेत सांगायचं तर अडखळणाऱ्याची गाडी भरलीय, मोटरमन बसलाय, पण सिग्नल पडत नाही म्हणून कुर्ला-सायनच्या मध्ये उभी आहे, आणि क्लटरिंगवाल्याची स्लो गाडी फास्टसारखी सुटलीय, स्टेशनं येतायत पण ती थांबत नाही आणि आतल्यांना कळेना कुठलं गेलं. आता उभ्या गाडीला "हळू जा" सांगून काय उपयोग?

इथेच दोघांमधला मोठा फरक दिसतो. अडखळणारा माणूस जेवढं स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष देतो, जेवढा जपून बोलायला जातो, तेवढा बऱ्याचदा जास्त अडकतो. क्लटरिंगवाल्याला नुसतं "आता रेकॉर्ड करतोय हां" म्हटलं तरी तो एकदम नीट बोलायला लागतो, पण लक्ष हटलं की परत मागचंच. काही जणांत दोन्ही एकत्र असतं, तेव्हा ओळखणं जरा कठीण जातं आणि म्हणूनच थेरपिस्ट आधी बराच वेळ नुसतं ऐकत बसतो.

हे होतं कशामुळे?

बोलणं आपल्याला सोपं वाटतं कारण आपण विचार करत नाही, पण एक शब्द बोलायचा तर श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ, जबडा या सगळ्यांना अगदी बारीक वेळ साधून एकामागून एक हलावं लागतं. अडखळणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये या टायमिंगशी संबंधित भागांत आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंत, विशेषतः डाव्या बाजूला, फरक दिसलेले आहेत. घराण्यात चालत येतं हेही खरं. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याच्याशी जोडलेले तीन जीन्स शोधले, आणि त्या शोधाची सुरुवात झाली पाकिस्तानातल्या अशा कुटुंबांपासून जिथे पिढ्यान्‌पिढ्या अडखळणं होतं. म्हणजे "मामावर गेलाय" असं आजी म्हणते त्यात तथ्य असू शकतं, फक्त मामाची नक्कल करून लागलं हे खरं नाही, ते लागट नाहीये.

सुरुवात साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात होते, म्हणजे मूल छोटी छोटी वाक्यं जोडायला लागतं तेव्हा. साधारण शंभरातली पाच मुलं कधी ना कधी अडखळतात आणि त्यातल्या बहुतेकांचं, चारपैकी तिघांचं म्हणा, आपोआप जातं. मोठ्यांमध्ये प्रमाण शंभरात एक. मुंबईसारख्या शहरात हा आकडा लाखाच्या वर जातो, आणि तरी आपल्याला वाटतं की आपल्या ओळखीत कोणी नाही. ते का, ते पुढे येईलच. मोठ्यांत पुरुष बायकांच्या सुमारे चौपट.

पण घाबरतो म्हणूनच अडखळतो ना?

हा प्रश्न येतोच. नाही. घाबरल्यामुळे वाढतं, घाबरल्यामुळे सुरू होत नाही. आणि खरं तर बऱ्याचदा उलटं असतं, इतक्या वेळा लोक हसलेत, इतक्या वेळा बाईंनी "बस खाली" म्हटलंय, की आता बोलायचीच भीती बसलीय.

आईबापांच्या चुकीमुळे होतं हेही एकेकाळी मोठमोठे लोक मानायचे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते, स्वतः अडखळायचे, त्यांचं म्हणणं की आईबाप मुलाच्या साध्या अडखळण्याला नाव ठेवतात आणि तिथून रोग तयार होतो. हे तपासायला १९३९ साली त्यांच्या एका विद्यार्थिनीने अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला, त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगितलं की तुम्ही तोतरे आहात, जपून बोला. ती मुलं काही खरोखरची तोतरी झाली नाहीत पण काही जण बोलायचंच टाळायला लागली, गप्प झाली. विद्यापीठाने २००१ साली याबद्दल जाहीर माफी मागितली. मला यात सगळ्यात बोचतं ते हे की मुलांना दिलेला तो सल्ला, "विचार करून बोल, नीट येत नसेल तर बोलूच नको", आपल्याकडे आजही प्रेमाने दिला जातो.

मग गाताना का अडखळत नाही? म्हणजे नाटकच की

नाटक नाही. गणपतीत बघा, एरवी "आलो" म्हणायला अडकणारा मुलगा सगळ्यांबरोबर आरती म्हणतो आणि नंतरचे जोडाक्षरांनी भरलेले मंत्रसुद्धा धडाधड म्हणतो. कारण ताल बाहेरून मिळतोय, शब्द पाठ आहेत, आवाज सलग चालू आहे, आणि कोणी उत्तराची वाट बघत नाहीये. दोघांनी मिळून एकच परिच्छेद वाचला, कुजबुजलं, तान्ह्या बाळाशी किंवा मांजराशी बोललं, तरी बऱ्याच जणांचं अडखळणं एकदम कमी होतं. म्हणजे जीभ, घसा सगळं ठीक आहे, अडचण स्वतःहून वेळ साधण्याची आहे.

हे समजून घेणं फार कामाचं आहे कारण "१० दिवसांत तोतरेपणा बरा, गॅरंटी" वाले याच गोष्टीवर धंदा करतात. हाताच्या ठोक्यावर बोला, प्रत्येक अक्षर ताणून बोला, असं केलं की खोलीत बसल्या बसल्या पहिल्याच दिवशी अडखळणं गायब होतं आणि घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण अशा रोबोटसारख्या चालीत कोणी ऑफिसात बोलू शकत नाही, मग चाल सुटते आणि सगळं परत येतं, आणि वर "तूच प्रॅक्टिस केली नाहीस" हा शिक्का.

लहान मुलांची थेरपी : काम आईबाबांचंच जास्त

शाळेआधीच्या वयात सगळ्यात जास्त तपासलेली पद्धत ऑस्ट्रेलियातून आलीय, सिडनीच्या लिडकम उपनगरावरून तिला लिडकम प्रोग्रॅम म्हणतात. थेरपिस्ट आईला किंवा बाबांना शिकवतो आणि ते घरी रोज दहा-पंधरा मिनिटं मुलाशी खेळत, चित्रं बघत बोलतात. खेळ असा निवडायचा की मुलाचं बोलणं बहुतेक सुरळीतच यावं, आणि तसं आलं की मध्ये मध्ये "वा, काय मस्त बोललीस" एवढंच. अडखळलं तर क्वचित, अगदी सहज, "जरा अडकलं का गं, परत म्हणून बघतेस?" रागावणं नाही, तोंड पाडणं नाही. रोजचा एक आकडा लिहून ठेवायचा, आज किती होतं, आणि आठवड्याला थेरपिस्टकडे. वाचायला सोपं वाटतं पण हे यूट्यूबवर बघून स्वतःच सुरू करू नका, कौतुक जास्त झालं की मुलाला कळतं आपल्यावर नजर आहे.

दुसरी पद्धत मुलावरचा भार कमी करते. आईबाबांनी स्वतःचा वेग कमी करायचा, एकामागून एक प्रश्न विचारायचे नाहीत, घरात एकाने बोलताना बाकीच्यांनी थांबायचं (वन रूम किचनमध्ये पाच माणसं आणि टीव्ही चालू, तिथे हे सगळ्यात अवघड). नेदरलँड्समध्ये या दोन पद्धतींची जवळपास दोनशे मुलांवर तुलना झाली, २०१५ ला ती प्रसिद्ध झाली, आणि १८ महिन्यांनंतर दोन्हीकडे निकाल साधारण सारखेच होते. म्हणजे पद्धत कुठली यापेक्षा वेळेवर आणि नेमाने करणं महत्त्वाचं.

"चारपैकी तिघांचं आपोआप जातं ना, मग थांबू की" हे बरोबरच आहे, पण तो चौथा कोण हे आधी कळत नाही. अडखळणं सहा महिने ते वर्षभर टिकलं, घरात मोठं कोणी अडखळणारं असलं, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली, तर दाखवून घ्या. आणि मूल बोलताना डोळे मिटतंय, पाय आपटतंय, किंवा "आई, मला बोलता येत नाही" म्हणालं, तर थांबूच नका.

मोठ्यांचं काय, आता उशीर झाला ना?

बरं होणं म्हणजे एकही अक्षर न अडखळणं असं धरलं तर हो, मोठ्यांमध्ये तसं क्वचित होतं आणि अडखळणं घालवणारं मान्यता मिळालेलं औषधही नाही. पण मोठ्यांचा खरा त्रास अडखळण्यापेक्षा ते लपवण्यात असतो.

माझ्या ओळखीत एक जण आहे, राहतो बोरिवलीला, आणि "ब" त्याचा दुष्मन. तिकीट खिडकीवर रांग मागे वाढत असताना बोरिवली म्हणायचं टाळायला तो वर्षानुवर्षं दहिसरचं तिकीट काढायचा आणि बोरिवलीला उतरायचा. हॉटेलात त्याला हवा असतो बटाटावडा, मागतो मिसळ. हे इतकं सफाईने करतो की ऑफिसात कोणाला माहीतच नव्हतं, उलट त्यांना वाटायचं जरा तुटक आहे, घुमा आहे. ते लाखभर लोक दिसत का नाहीत ते आलं ना लक्षात. पण स्वतःचं नाव काही बदलता येत नाही, म्हणून सोसायटीच्या गेटवर वॉचमनने "नाव काय?" विचारलं की तिथे हमखास अडकतो.

थेरपीत त्याला आधी "ब" अगदी जवळून बघायला लावला. ओठ मिटतात, आत हवेचा दाब तयार होतो, ओठ उघडतात, झालं. तो काय करायचा तर अडकलं की अजून जोर लावायचा, आणि जोर लावला की ओठ अजून घट्ट. मग शिकवलं की ओठ फक्त टेकव, दाबू नको, आणि लगेच पुढच्या "ओ" मध्ये सरक. याला हलका स्पर्श म्हणतात, आणि तसंच आवाज हळूच सुरू करणं, शब्दाची सुरुवात किंचित ताणणं. हा झाला एक रस्ता, सुरळीत बोलणं घडवायचा.

दुसरा रस्ता म्हणजे अडखळायचं, पण सोपं अडखळायचं. हे चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन थेरपिस्टचं काम, तेही स्वतः अडखळायचे. पहिली पायरी, अडखळून शब्द संपला की थांबायचं आणि तोच शब्द परत, पण सैल सोडून म्हणायचा. दुसरी पायरी, अडकलेलं असतानाच जोर काढून घ्यायचा आणि शब्दातून सावकाश बाहेर यायचं. तिसरी, शब्द येण्याआधीच तयारी. क्रम असा उलटा का, तर शब्द होऊन गेल्यावर सुधारणं त्यातल्या त्यात सोपं आणि आधीच पकडणं सगळ्यात कठीण.

आणि मग मुद्दाम अडखळणं. थेरपिस्ट बरोबर येतो, वाण्याकडे जायचं आणि "ब-ब-बटाटे द्या" असं स्वतःहून म्हणायचं. लोकांना हे विचित्र वाटतं, अडखळणं घालवायला गेलो आणि हे अडखळायलाच सांगतात! पण लपवायचं काही उरलंच नाही की भीतीचा अर्धा जोर तिथेच संपतो. मग मीटिंगच्या सुरुवातीलाच "मी जरा अडखळतो, थोडा वेळ द्या" म्हणणं जमायला लागतं. थेरपीच्या खोलीत जमलं ते फोनवर जमत नाही, फोनवर जमलं ते इंटरव्ह्यूत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळी प्रॅक्टिस लागते, आणि सोडलं की घसरतं. आमचा हा मित्र अजूनही अडखळतो. तिकीट मात्र बोरिवलीचं काढतो, आणि ॲप असूनही मुद्दाम खिडकीवर जाऊन.

स्वतःचा आवाज किंचित उशिरा कानात ऐकवणारी यंत्रं आणि ॲप्स पण आहेत, काहींना उपयोग होतो, काहींना काहीच नाही, आधी फुकटचं ॲप वापरून बघा आणि मग महागडं काय ते ठरवा.

क्लटरिंगवाल्यांना काय शिकवतात?

इथे पहिली अडचण म्हणजे माणूस स्वतःहून येत नाही, बायको नाहीतर बॉस पाठवतो. म्हणून सुरुवात रेकॉर्डिंगपासून. त्याचं दोन मिनिटांचं बोलणं त्यालाच ऐकवायचं आणि लिहून काढायला सांगायचं. स्वतःचंच वाक्य स्वतःला लिहिता येईना की मग पटतं. पुढे मोठ्या शब्दांची अक्षरं टेबलावर टिचकी मारत मोजायची, शब्दाचा शेवट मुद्दाम ठळक म्हणायचा, वाक्य तीन-चार शब्दांच्या तुकड्यांत तोडून मध्ये थांबायचं. "हळू बोल" इथे लागू पडतं पण ते कुठे थांबायचं आणि कुठलं अक्षर पूर्ण करायचं इतक्या बारकाईने शिकवावं लागतं. शिवाय समोरच्याचा चेहरा वाचायला शिकवतात, भुवया आकसल्या की समजायचं गाडी सुटलीय.

वेखंड, अक्कलकारा, जिभेखालचा पडदा वगैरे

वेखंड मधात उगाळून जिभेला लावायचं, अक्कलकारा चघळायचा, तोंडात गोट्या ठेवून वाचायचं, घरोघरी काही ना काही असतंच. अडचण जिभेत नसतेच त्यामुळे जिभेला काहीही लावून अडखळणं जात नाही, आणि लहान मुलाच्या तोंडात गोटी म्हणजे घशात अडकायची भीती. जिभेखालचा पडदा कापण्याचंही तेच, त्याची गरज कधी दूध ओढायला पडते, कधी काही उच्चारांना, पण अडखळण्याशी त्याचा संबंध नाही. १८४१ साली बर्लिनचे नामांकित सर्जन डिफेनबाख यांनी तोतरेपणावर इलाज म्हणून जिभेच्या मुळाशी फाचर कापून काढायचं ऑपरेशन केलं होतं, तेव्हा भूल देण्याचा शोधही लागलेला नव्हता. बिचारे पेशंट.

घरी मराठी, खाली हिंदी, शाळेत इंग्लिश, म्हणून मुलगा गोंधळला असंही फार ऐकू येतं आणि मग घरात मराठी बंद करतात. भाषा जास्त असल्याने अडखळणं सुरू होत नाही. मराठी बंद केली तर आजीशी बोलणं जातं, अडखळणं राहतं.

आणि हृतिक रोशनचं उदाहरण. तो लहानपणी अडखळायचा हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय, चांगलं केलं, पण घरात ते "तो करू शकतो मग तुला काय झालं" असं वापरलं जातं. तेवढं टाळा.

मुंबईत जायचं कुठे?

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची, तिथे तपासणी आणि थेरपी दोन्ही होतात. मुंबई सेंट्रलचं नायर आणि परळचं केईएम इथे स्पीच थेरपीचा विभाग आहे, केसपेपर काढून जाता येतं, गर्दी असते, वेळ काढून जा. खाजगी थेरपिस्टकडे गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का एवढं विचारा, सीआरआर नंबर म्हणतात त्याला, खरा असेल तो लगेच दाखवतो. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्व-मदत गट पण असतात, तिथे सगळेच अडखळणारे, कोणी कोणाचं वाक्य पूर्ण करत नाही.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळेल का असं खूप जण विचारतात. २०१६ च्या कायद्यात वाचा आणि भाषेची अक्षमता आहे, पण व्याख्या स्वरयंत्र काढून टाकलेले किंवा मेंदूच्या आजाराने बोलणं गेलेले अशांना धरून केलेली आहे, त्यामुळे अडखळण्यावर ते मिळणं कठीण. तोंडी परीक्षेला जास्त वेळ हवा असेल तर सर्टिफिकेटची वाट न बघता थेरपिस्टकडून पत्र घेऊन आधी वर्गशिक्षकांनाच भेटा.

आणि पहिल्यांदा जाताना मोबाइलमध्ये मुलाचे घरातले दोन-तीन व्हिडिओ घेऊन जा, जेवताना, भांडताना, कसंही बोलताना. कारण बरीच मुलं थेरपिस्टसमोर अर्धा तास एकदाही अडखळत नाहीत, आणि मग आईला वाटतं आपण उगाच रजा टाकली.